आधी उशीर कुठे होतो ते सांगा, मग पार्ट बदला

ऑटोमॅटिक गाडीत रेस दिली आणि गाडी एक-दोन सेकंद नुसतीच विचार करत बसली, तर या दुखण्याला काय म्हणायचं यावर आपल्या जिल्ह्यात एकमत आहे. "पिकअप मार खातोय." त्यावर उपाय काय, यावरही एकमत आहे. पार्ट बदलायचा. कोणता पार्ट? ते बदलून झाल्यावर कळतं. बऱ्याचदा तेव्हाही कळत नाही.

या एकाच तक्रारीचे इतके मेसेज आलेत की शेवटी सविस्तर लिहायला बसलो. बदनापूरचे मोसंबीवाले, परतूरच्या बँकेतल्या मॅडम, भोकरदनचे डॉक्टर, मंठ्याचा एक तरुण ज्याने वडिलांच्या गुडघेदुखीमुळे मुद्दाम ऑटोमॅटिक घेतली. गाड्या वेगळ्या, कंपन्या वेगळ्या, गॅरेज वेगळे. कहाणी मात्र एकच. तीन चकरा, तीन बिलं, आणि गाडी जशीच्या तशी.

"ऑटोमॅटिकवाल्यांचे चोचले" असं म्हणून पुढे जाऊ नका. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरियोत एएमटी आणली आणि ऑटोमॅटिक ही साहेबांची वस्तू राहिली नाही. मॅन्युअलपेक्षा थोडेच पैसे जास्त, मायलेज जवळपास तेवढंच. त्यामुळे आज ही गाडी निवृत्त गुरुजी चालवतात, घर-नोकरी सांभाळणाऱ्या बाया चालवतात, क्लच दाबून दाबून कंबर गेलेले लोक चालवतात. बहुतेकांची गाडी हप्त्यावर आहे. त्यांच्यासाठी वीस हजारांचं बिल म्हणजे पोराच्या क्लासची फी.

आणि पैसा बाजूला ठेवा. दोन सेकंद म्हणजे किती, याचा हिशोब करून बघा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर जाते. समोरून येणारी गाडीही त्याच वेगात असेल तर दोघांमधलं अंतर तेवढ्या वेळात सासष्ट मीटरने कमी होतं. घनसावंगी-कुंभार पिंपळगाव रस्त्यावर हंगामात उसाच्या डबल ट्रॉलीला ओव्हरटेक करायला तुम्ही बाहेर निघालात, रेस दिली आणि गाडी थांबली. पुढे समोरून एसटी. मागे जावं तर मागची गाडी चिकटलेली. हा चोचला आहे का?

समृद्धीचंही तेच. निधोन्याला चढलात की काही क्षणांत तुम्हाला १२० च्या वेगात धावणाऱ्या गाड्यांमध्ये मिसळायचं असतं. तिथे गाडीने दम खाल्ला तर मागच्याच्या ब्रेकवर तुमचा जीव. अपघात झालाच तर प्रेसनोटमध्ये वाक्य ठरलेलं: "चालकाचं वाहनावरील नियंत्रण सुटल्याने." गाडीने रेसला उत्तर दिलं होतं का, हे त्या वाक्यात कधीच नसतं.

आता मुद्द्यावर येतो. रेस दिल्यापासून चाक फिरेपर्यंत काम तीन ठिकाणांहून जातं, आणि उशीर या तिन्हींपैकी कुठे होतोय हे शोधणं म्हणजे निदान. बाकी सगळा अंदाजपंचे कारभार.

जुन्या मारुती ८०० ला पायडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत सरळ केबल होती. पाय दाबला, तार ओढली गेली, हवेची झडप उघडली. विषय संपला. आता तशी तार नाही. पायडलखाली दोन सेन्सर असतात. पाय किती दाबला ते दोघेही विजेच्या भाषेत गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतात. दोन कशाला? एक खोटं बोलला तर दुसऱ्यावरून पकडता यावा म्हणून. कॉम्प्युटर दोघांचा हिशोब जुळवतो आणि मग इंजिनच्या तोंडावरच्या थ्रॉटल बॉडीला सांगतो की झडप इतकी उघड. तिथे एक छोटी मोटर झडप उघडते, आणि ती खरंच किती उघडली हे सांगायला पुन्हा सेन्सर. हे झालं पहिलं ठिकाण: पाय ते झडप.

दुसरं ठिकाण झडप ते इंजिन. झडप उघडली, पण हवा पुरेशी आली का, पेट्रोल त्या हिशोबात पडलं का, ठिणगी नीट पडली का. एअर फिल्टर धुळीने गच्च, हवा मोजणारा सेन्सर काळा पडलेला, इंधनपंपाचं प्रेशर कमी, स्पार्क प्लग संपलेले, टर्बोचा पाइप कुठेतरी फाटून हवा सोडतोय, ही सगळी दुखणी इथली. आपल्या भागात एअर फिल्टरकडे आधी बघावं. एमआयडीसीतली धूळ, शेतरस्त्यांची माती, त्यात उन्हाळा. कंपनीच्या पुस्तकात दिलेला बदलाचा अंतराळ चांगल्या रस्त्यांसाठी असतो, धुळीच्या भागासाठी लवकर बदला असं त्याच पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकसकट पडलेलं असतं, ही वेगळी गोष्ट.

तिसरं ठिकाण इंजिन ते चाक. म्हणजे गिअरबॉक्स. आणि खरा घोळ इथेच आहे, कारण "ऑटोमॅटिक" हा एक शब्द आपण चार वेगळ्या यंत्रांना वापरतो.

एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र बसवलेलं. गिअर बदलताना ते रेस कापतं, क्लच सोडतं, गिअर टाकतं, पुन्हा क्लच पकडतं. त्या वेळात गाडी मान डोलावते. हा तिचा स्वभाव आहे, आजार नाही. सीव्हीटीत गिअरच नसतात, पट्टा आणि पुली असते. तिथे आधी इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मागून येते, रबर ताणल्यासारखी. हाही स्वभाव. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, ताकद त्या तेलातून जाते. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच, चालत्या गाडीत वेगवान, पण गर्दीत मुंगीच्या पावलाने चालवली की तापते आणि अडखळते.

म्हणून "माझी ऑटोमॅटिक उशिरा उचलते" या वाक्याला काही अर्थ नाही, जोवर यंत्र कोणतं ते सांगत नाही. सीव्हीटीवाला स्वभावालाच आजार समजून हजारो रुपये घालवतो. आणि एएमटीवाल्याची क्लचप्लेट खरंच घसरत असते तेव्हा त्याला सांगतात, "साहेब, ऑटोमॅटिक असंच असतं." दोन्ही बाजूंनी ग्राहकच मेला.

ओळखायचं कसं? अर्धं काम तुम्ही स्वतः करू शकता, एक रुपया न खर्चता. मोकळा रस्ता बघा, शेजारी कुणाला तरी बसवा, चालवणाऱ्याने काट्याकडे बघत बसू नये. एएमटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मॅन्युअल मोड असेल तर दुसऱ्या गिअरवर लॉक करून तीस-पस्तीसच्या वेगात रेस द्या. गाडी लगेच उचलली, आणि डी मध्ये टाकल्यावर मात्र तीच गाडी उशीर करते, तर इंजिन आणि झडप बहुतेक ठीक आहेत. उशीर गिअर खाली टाकण्यात आहे. तिथे थ्रॉटल बॉडी बदलून काय होणार? उलट दुसऱ्या गिअरवर लॉक करूनही ती दम खात असेल तर शेजारच्याने आरपीएमचा काटा बघावा. काटा चढतोय पण गाडी पुढे जात नाही, तर क्लच घसरतोय किंवा गिअरबॉक्समध्ये काहीतरी आहे. काटाच चढत नाही, तर पहिलं किंवा दुसरं ठिकाण. सीव्हीटीला ही काट्याची परीक्षा तशीच्या तशी लावू नका, तिथे काटा आधी चढणारच.

थंड गाडीत होतं की तापल्यावर? एसी चालू असतानाच होतं का? फक्त एका ठरावीक वेगात? इको मोड चुकून चालू राहिलाय का? आणि हसू नका, पायाखालची मॅट सरकून पायडलमागे अडकलीय का? एवढं टिपून ठेवा, शेजारच्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. डॉक्टरकडे जाताना ताप कधी येतो, थंडी वाजून येतो का, हे आपण सांगतोच की.

उरलेलं अर्धं काम स्कॅनरचं. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. तिथे स्कॅनर लावून बहुतेक जण फक्त कोड वाचतात, आणि लाइट घालवायला तो पुसून टाकतात. कोड पुसणं म्हणजे तापाची नोंद असलेला कागद फाडून टाकणं. खरी गंमत लाइव्ह डेटात आहे. इंजिन बंद, इग्निशन चालू, गाडी पी मध्ये. पायडल हळूहळू दाबत न्यायचं आणि स्क्रीनवर दोन आकडे बघायचे: पायडल किती टक्के, झडप किती टक्के. पायडलचा आकडा एकसारखा चढायला हवा. मध्येच अडकला, उडी मारली, तर रोग पायाखाली आहे. पायडलचा आकडा सरळ चढतोय पण झडप मागे राहतेय, तर थ्रॉटल बॉडी. दोन्ही सोबत चालतायत, तर पुढचं ठिकाण तपासा. पंधरा मिनिटांचं काम आहे हे. पंधरा मिनिटांचं.

आता एक प्रकरण सांगतो, कारण ते मी जवळून पाहिलं. अंबड तालुक्यातले ओळखीचे एक शिक्षक. गाडी एएमटी, चार वर्षांची, वॉरंटी नुकतीच संपलेली. तक्रार अशी की साधारण चाळीसच्या वेगात जाताना थोडी रेस वाढवली की काहीच होत नाही, आणि मग एकदम झेप घेते. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. पहिल्या चकरेत "कार्बन आलाय" म्हणून थ्रॉटल बॉडी साफ. आठ दिवस बरी, मग पुन्हा तेच. दुसऱ्या चकरेत थ्रॉटल बॉडीच नवी. तिसऱ्या चकरेत "सर, एएमटी आहे, क्लच बघावा लागेल" म्हणून क्लच सेट. जॉबकार्डवर तिन्ही वेळा ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात एकच ओळ: "पिकअप कमी". निदानाच्या रकान्यात काय होतं माहितीये? काहीच नाही. तो रकाना तिन्ही कार्डांवर कोरा. पन्नास हजारांच्या वर गेले.

शेवटी जालन्यातल्याच एका पोराने, ज्याचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड आहे, स्वतःच्या पैशाने घेतलेला स्कॅनर लावला. वर सांगितलेली पायडलची परीक्षा केली. आकडा वीस टक्क्यांपर्यंत सरळ आला, तिथे अडकला आणि एकदम पस्तीसवर गेला. पुन्हा केली, पुन्हा तेच. रोज ज्या जागी पाय असायचा नेमक्या त्याच जागी पायडलचा सेन्सर झिजला होता. पायडल असेंब्ली बदलली. गिअरबॉक्सला हात नाही, इंजिनला हात नाही. सगळं मिळून आधीच्या बिलांच्या दहाव्या हिश्शात काम झालं. थ्रॉटल बॉडी चांगली होती. क्लचही चांगला होता. काढलेले जुने पार्ट परत मागितले तर उत्तर मिळालं की "स्क्रॅपमध्ये गेले".

हा एक वाईट वर्कशॉपचा किस्सा म्हणून सोडून देता येत नाही, कारण पद्धतच अशी लागली आहे. मोठ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हा आता विक्रेता झालाय. त्याला टार्गेट असतं, आणि टार्गेट पार्ट आणि लेबरचं असतं. निदान नीट केलं म्हणून कुणाला इन्सेंटिव्ह मिळाल्याचं ऐकलंय का तुम्ही? बिलात "तपासणी व निदान" अशी वेगळी ओळ असावी, तिचे पाचशे-हजार रुपये मी आनंदाने देईन. पण ती ओळ नसते. निदान फुकट आणि पार्ट महाग, असा धंदा असला की निदान कोण करेल?

आपल्या छोट्या गॅरेजवाल्यांचीही बाजू घेऊन डोळे मिटणार नाही. तिथेही "पार्ट टाकून बघू" चालतंच. फरक एवढाच की तिथे उधारी चालते आणि मिस्त्री दुसऱ्या दिवशी चौकात भेटतो. सीव्हीटीत भलतंच ऑइल टाकून पट्ट्याची वाट लावणारेही आहेत. सीव्हीटीचं ऑइल वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरचं वेगळं, एएमटीच्या गिअरबॉक्सचं वेगळं. "सगळं एकच असतं हो" म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. तसंच "गिअर ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं" हे सांगणाऱ्याला विचारा, लाइफ कोणाचं? गाडीचं की वॉरंटीचं?

आणि बाजारात नवीन पीक आलंय: "पिकअप बूस्टर". पायडलच्या वायरमध्ये एक डबी बसवतात आणि गाडी रॉकेट होते म्हणतात. ती डबी काय करते? तुम्ही पाय वीस टक्के दाबला तर कॉम्प्युटरला सांगते की चाळीस दाबला. बस. ताकद एका पैशाने वाढत नाही. ज्याचा पायडल सेन्सर झिजलाय त्याच्या आजारावर ही डबी म्हणजे मुका मार लागलेल्याला मेकअप.

मग येतं इथेनॉल. हल्ली कुठलंही दुखणं असो, ई-२० वर खापर फोडलं की सगळे सुटले. ग्राहकही खूश, गॅरेजवालाही खूश. यात खरं काय? इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज घटतं. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातच म्हटलंय की ई-१० वर सेट केलेल्या जुन्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट होऊ शकते. पंपावर दुसरा पर्यायच ठेवलेला नाही, हा राग रास्त आहे. ई-२० साठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घ्या, हेही खरं. आपल्याकडे ऊस पिकतो, अंकुशनगरला कारखाना आहे, म्हणून ग्राहकाने गप्प बसावं असं मी म्हणत नाही. पण सहा टक्के ऊर्जा कमी झाली म्हणून पाय दाबल्यावर गाडी दोन सेकंद झोपत नाही. इंधनात दोष असेल तर तो स्कॅनरवर फ्युएल ट्रिममध्ये दिसतो. कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवून टाकतोय त्याचा आकडा तिथे असतो. "ई-२० मुळे झालंय" म्हणणाऱ्याने तो आकडा दाखवावा. दाखवला तर मी पुढची पोस्ट सरकारवर लिहीन.

आता खरा प्रश्न. त्या पत्र्याच्या शेडमधल्या पोराला जे जमलं ते सगळ्यांना का जमत नाही?

कारण किल्ली त्यांच्याकडे नाही. साधा स्कॅनर इंजिनचे ठरावीक कोड आणि ठरावीक आकडे दाखवतो, कारण तेवढी भाषा सगळ्या गाड्यांना सारखी आहे. गिअरबॉक्सची भाषा मात्र प्रत्येक कंपनीची आपापली. एएमटीची क्लचप्लेट आपला मिस्त्री उत्तम बदलेल. पण बदलल्यावर नवा क्लच नेमका कुठे पकडतो हे कॉम्प्युटरला शिकवावं लागतं, त्याला लर्निंग म्हणतात. ते केलं नाही तर गाडी झटके देते, उशिरा उचलते. ते करायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. थ्रॉटल बॉडी बदलली किंवा साफ केली तरी बऱ्याच गाड्यांत तसंच. म्हणजे मिस्त्रीने काम बरोबर केलं तरी गाडी नीट चालत नाही, आणि नाव त्याचं खराब होतं. मग ग्राहक साठ किलोमीटरवर संभाजीनगरला जातो आणि तिथे लॅपटॉप लावणारा माणूस सांगतो, "बाहेर काम केलंय ना, मग असंच होणार."

हे भांडण नवीन नाही. शमशेर कटारिया या ग्राहकाने २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कार कंपन्या सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात देतच नाहीत. सुरुवात तीन कंपन्यांपासून झाली, चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा, फोर्ड, फोक्सवॅगन, सगळी मोठी मंडळी त्यात. कंपन्यांचं म्हणणं होतं की बाहेरचे मेकॅनिक शिकलेले नाहीत, सुरक्षेला धोका होईल. आयोगाने ते मानलं नाही. सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तकं आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजवाल्यांना उपलब्ध करा, असा आदेश दिला. आणि आणखी एक गोष्ट सांगितली जी प्रत्येक गाडीमालकाने पाठ करावी: बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरती गोष्ट वेगळी.

पुढे काय झालं? आपल्याकडे जे होतं ते. अपिलं, न्यायाधिकरण, न्यायालयं. दंडाचे आकडे वर-खाली होत राहिले, आणि मंठा चौफुलीवरच्या मेकॅनिकच्या हातात काही आलं नाही. त्याच २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेत मात्र कार कंपन्यांनी लेखी करार केला की जी निदानाची माहिती आमच्या डीलरला, तीच स्वतंत्र गॅरेजला, पैसे घेऊन का होईना. का केला? कारण मॅसॅच्युसेट्स नावाच्या एका राज्यातल्या लोकांनी २०१२ मध्ये मतदान करून तसा कायदा आणला होता. कंपन्या बऱ्याचशा त्याच. गाड्या बनवणारे तेच, तिथे माहिती देतात आणि इथे देत नाहीत.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये "दुरुस्तीचा हक्क" यावर समिती नेमली. चार क्षेत्रं धरली: शेतीची यंत्रं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही सुरू केलं. चांगलं आहे. पण पोर्टलवर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळून काय करायचं? तो तर बिलावरही छापलेला असतो. आपल्याला हवं ते लर्निंग करायचं सॉफ्टवेअर, वाजवी दरात, तालुक्याच्या मेकॅनिकला. आणि हे फक्त कारवाल्यांचं नाही, शेतकरी मित्रांनो. आजचे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर त्याच वाटेने चाललेत. ऐन सोयाबीन काढणीत हार्वेस्टर कोड दाखवून उभा राहील तेव्हा लॅपटॉपवाल्याची वाट बघत बांधावर बसावं लागेल.

सगळं दिल्लीवर ढकलूनही चालणार नाही. जालन्यात शासकीय आयटीआय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. मोटार मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या पोराने लाइव्ह डेटा वाचून पायडल आणि झडपेची परीक्षा किती वेळा केलीय, हे विचारायला हवं. एक चांगला स्कॅनर, एक एएमटी, एक सीव्हीटी गाडी, एवढ्यावर शिकवता येईल. या गावात रोलिंग मिलची मोटर रात्रीत उघडून सकाळच्या पाळीला चालू करून देणारे फिटर आहेत. त्यांच्या पोरांना कारचा सेन्सर कळणार नाही, हे मला कुणी सांगू नये. मिलमालकांच्या सीएसआरमधून दरवर्षी वॉटर कूलरच वाटले पाहिजेत असंही नाही.

तोवर आपण काय करायचं? गाडी देताना जॉबकार्डवर तक्रार "पिकअप कमी" अशी लिहू देऊ नका. "डी मध्ये ४० च्या वेगात रेस दिल्यावर दोन सेकंद उशीर, मॅन्युअल मोडमध्येही तेच, गाडी तापल्यावर" असं लिहायला लावा आणि त्याचा फोटो काढा. कोड पुसण्याआधी स्कॅन रिपोर्टची प्रत मागा. एकही पार्ट बदलण्याआधी विचारा: उशीर पाय ते झडप आहे, झडप ते इंजिन आहे, की इंजिन ते चाक? आणि हे तुम्ही कोणत्या आकड्यावरून सांगताय? उत्तर कार्डावर लिहून घ्या. जुना पार्ट परत घ्या, तुमच्याच पैशाचा आहे. ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

बदलूनही दुखणं गेलं नाही तर लेखी पत्र द्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, आणि तरीही दाद नाही मिळाली तर जालन्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. वकील लावायलाच हवा अशी सक्ती नाही. मुदत दोन वर्षं. तीन चुकीचे पार्ट टाकून एकदाही निदान न लिहिणं ही सेवेतली त्रुटी नाही तर काय, हा प्रश्न एखाद्याने आयोगासमोर मांडलाच पाहिजे. आमच्या शिक्षक मित्राने कागद जमवायला सुरुवात केली आहे.

तुम्हीही जमवा. गेल्या दोन वर्षांतलं तुमचं जॉबकार्ड काढा आणि निदानाचा रकाना बघा. कोरा असेल तर नाव, नंबर, गाडीचा क्रमांक झाकून फोटो कॉमेंटमध्ये टाका. भरलेला असेल तर तोही टाका, त्या गॅरेजवाल्याचं मी स्वतः कौतुक लिहीन. पंधरा दिवसांनी सगळे मोजून आकडा इथेच मांडतो, आणि कार्डांच्या प्रती घेऊन आयटीआयच्या प्राचार्यांना आणि परिवहन कार्यालयाला भेटतो. सोबत यायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा.